गरम गाडीची खोट

शेषेराव मिस्तरी, वडवणी. त्यांनी सांगितलं तसं उतरवून घेतलेलं.

काय लिवायचं ते लिवा, पर मधी मधी मान हलवू नका. मान हलवणाऱ्या माणसाचा मला राग येतो. गिऱ्हाईक बी असंच करतं, मी सांगतो गाडीचं काय झालंय, ते मान हलवतं, आन् भायेर गेलं की दुसऱ्या मिस्तरीला इचारतं. तर मी शेषेराव. आडनाव लिवू नका, आडनाव आलं की पुना भांडण. आमचं गाव वडवणीपासून कोसभर, डोंगराच्या अंगाला. बाप मेंढरं राखायचा, आजा मेंढरं राखायचा, त्याच्या मागचं मला म्हाईत न्हाई पर त्यो बी काय तहसीलदार नसंल. वावर म्हनावं तर माळाचा एक तुकडा, त्यात दगूड पिकायचा. पावसाळा सरला की आमी मेंढरं घेऊन खाली गंगथडीला, गोदावरीकाठी जायचो, तिकडं गेवराईच्या अंगाला, लोकांच्या काळ्या रानात मेंढरं बसवायची, लेंड्या त्यांना, दाणे आमाला. चौथीपातूर शाळा झाली माझी, ती बी तुकड्या तुकड्यानं.

खरं सांगू का, मेंढरं मला आवडत न्हवती. एक खड्ड्यात पडलं की मागची समदी त्याच खड्ड्यात. मला आवडायचं इंजन. गंगथडीला एका हिरीवर पाण्याचं इंजन व्हतं, मी मेंढरं सोडून त्याच्यापाशी बसायचो, आवाज ऐकत. बापानं दोन येळा काठीनं हानलं, तिसऱ्या येळी म्हनला, जा बाबा, ज्याचं त्याला, आन् मला बीडला मैनोद्दीन उस्तादाकडं नेऊन टाकलं. उस्ताद लई कडू मानूस. पाना फेकून मारायचा. ही भुवई बगा, हितं केस उगवत न्हाईत, त्यो बाराचा पाना व्हता. पर पेट्रोल गाडीचा कारबेटर खोलावा तर त्यानं, आख्ख्या बीडात दुसरा न्हाई. सात साल त्याच्या हाताखाली काढले, सात सालात एकदा बी चांगलं म्हनला न्हाई. मेला तवा मी जनाज्याला गेलो आन् रडलो न्हाई, पर त्याचा एक शबूद बी इसरलो न्हाई.

उस्ताद म्हनायचा, ठंडी गाडी तो कोई बी चालू करता, गरम गाडी चालू करके बता. आता हे नीट ऐका, पुढं समदं ह्याच्यावरच हाय. कारबेटरात एक वाटी असती, तिच्यात पेट्रोल साठतं, तिथून ते हवेत मिसळून इंजनात जातं. गाडी पळती तवर पंख्याची हवा लागती, टाकीतनं नवं गार पेट्रोल येत ऱ्हातं, कायबी तरास न्हाई. गाडी बंद केली की पंखा थांबला, हवा थांबली. पर खालचं धुराचं नळकांडं तर तापून लाल झालेलं असतंय, त्याची धग वर चढती, आन् वाटीतलं पेट्रोल उकळतंय चुलीवरल्या दुधावानी, उतू जातंय, थेट इंजनात. मंग तुमी सेल्फ मारा न्हाईतर कपाळ मारा, पेट्रोलचा पूर आल्यावर ठिणगी धरंल कशी. अर्धा घंटा थांबा, इंजन निवलं की गाडी चालू, जसं काय झालंच न्हाई. म्हनून लोकांना ती भुताटकी वाटती. सकाळी बरी, दुपारी मेली, सांजच्याला पुना बरी. हे हू नये म्हनून कारबेटरच्या बुडाला, त्याच्या आन् तापल्या नळ्यांच्या मधी, एक जाड पॅकिंग असतंय, फायबरचं, बोटाच्या अर्ध्या पेराएवढं. ते धग वर चढू देत न्हाई. एवढुसं असतंय. ते काढलं तर गाडी चालती, पळती, चढ चढती, थंडी असली की अर्ध्या सेल्फात उठती. फकस्त गरम झाल्यावर उन्हात थांबली की बसती.

आता आण्णा. नाव इचारू नका, गाव आण्णा म्हनायचं, तुमी बी आण्णाच लिवा. जमीन त्याची, सोसायटी त्याची, इलेक्शनला कोन उभं ऱ्हायाचं ते बी त्याच्या ओट्यावर ठरायचं. त्याच्याकडं पांढरी गाडी व्हती, पेट्रोलवरची, गोल पाठीची, तालुक्यात तशी दुसरी नव्हती. आन् त्या गाडीवर डायव्हर कोन, तर बन्सी, माझ्या बायकोचा, कौसाचा थोरला भाऊ. माझ्या लग्नाच्या आदीपासनं त्यो आण्णाकडं. कपडे पांढरे, टोपी पांढरी, गाडी पांढरी, तिन्ही सारखी धुयाचा. मला दाजी म्हनायचा, वयानं थोर असून बी कवा माझ्या पुढं बसला न्हाई. दारू न्हाई, तंबाकू न्हाई, कुनाच्या अध्यात न्हाई मध्यात न्हाई. मला त्याचा बी राग यायचा, काय सांगू तुमाला, एवढं गुमान ऱ्हावावं का मानसानं.

गावाचं गायरान व्हतं, आमची मेंढरं पिढ्यानपिढ्या तिथं चरायची. आण्णानं त्याला तारंचं कुंपन घातलं, म्हनला आता हितं फळबाग हुईल. बाप आडानी, त्याला वाटलं तार काय, बकऱ्यासाठी घातली असंल, त्यानं मेंढरं नेली तशीच. आण्णाच्या गड्यांनी समदी मेंढरं हाकून कोंडवाड्यात घातली. वैशाख व्हता. तीन दिस. पानी न्हाई. कोकरं पयल्या दिसापासनंच पडाया लागली, आन् बाप आण्णाच्या अंगनात गेला हात जोडाया. आण्णा ओट्यावर चहा पीत बसलेला. पायताण काढ म्हनला. बापानं काढलं. उभा ऱ्हा म्हनला. बाप उभा ऱ्हायला, फरशीवर, सकाळच्या चहापासून ते सावली फिरंपातूर, अनवानी. कुनी मारलं न्हाई, कुनी शिवी दिली न्हाई, नुस्तं उभं केलं. आल्या गेल्याला आण्णा म्हनायचा, ह्यो आमचा मेंढका बगा, गायरान मागतोय. बाप घरी आला तवा कौसानं त्याच्या पायाच्या फोडांना तूप लावलं. त्यानं उरलेली मेंढरं इकून टाकली आन् घरच्या ओट्यावर बसला. दोन सालानं गेला. त्या दोन सालात माझ्यासंगं किती बोलला ते बोटावर मोजून सांगंन.

मी तवा वडवणीत दुकान टाकलेलं, हेच, तवा पत्र्याचं व्हतं. माझी पोरगी रांगत व्हती, आता तिची पोरगी बारावीला हाय, त्यावरनं काय ते साल धरा. बाप अजून ओट्यावर बसून व्हता. फुडल्या उन्हाळ्याच्या तोंडाला बन्सी गाडी घेऊन आला, म्हनला दाजी, सरविशिंग करा, आण्णाला आता लई फिरायचं हाय, इलेक्शन आलंय. आन् त्यो चहाला गेला. मी बानेट उघडलं. कारबेटरचे नट सोडले, उचलून बाजूला ठिवला, ते फायबरचं पॅकिंग काढलं, त्याच्या जागी कागदाचं बारीक पॅकिंग टाकलं, कारबेटर पुना बसवला. अर्धा पेर खाली बसला म्हनून अक्सलेटरच्या रॉडचा आटा फिरवून घेतला. पॅकिंग फोडून भंगारात टाकलं. मला आण्णाला उन्हात उभा करायचा व्हता. दुसरं कायबी डोक्यात नव्हतं. बन्सी आला, सेल्फ मारला, इंजन निवलेलं, गाडी अर्ध्यात उठली. म्हनला, दाजी, तुमच्या हाताला गुन हाय.

आता अक्कल बगा माझी. गाडी बंद पडल्यावर उन्हात कोन उभं ऱ्हाणार? मालक का डायव्हर? हे मला कळू नये? मालकाला कुनीबी जीपमधी घेऊन जातंय. परळीच्या रस्त्याला गाडी बसली, आण्णा लग्नाला चाललेले, मधी कुनाच्या मळ्यावर पानी प्याले, परत बसले तर गाडी चालू हुईना. आण्णाला दुसऱ्याची जीप भेटली, बन्सी गाडीपाशी बसून. अर्ध्या घंट्यानं चालू झाली. मंग तेलगावला तसंच. मंग बीडला कचेरीम्होरं तसंच. बन्सी बिचारा अक्सलेटरचं पायडल मारायचा धडाधडा, त्यानं अजून पेट्रोल आत जायाचं. अशा टायमाला पायडल एकदा खालपातूर दाबून धरायचं आन् सेल्फ मारायचा, म्हंजे हवा आत जाती, पूर सुकतो, गाडी खोकत खोकत का हुईना उठती. हे मी त्याला सांगितलं असतं तरी भागलं असतं. न्हाई सांगितलं. दोनदा गाडी घेऊन आला माझ्याकडं. दाजी, बगा, काय बी कळंना. दोन्ही टायमाला मी ठिणगीचे पलग काढून पुसले, पुना बसवले, म्हनलं जावा.

त्यानंतर गेवराई. गेवराईला स्टँडसमोर चौकात मोठा पुढारी येनार, आण्णा हार घेऊन उभे, गाडी बाजूला बंद करून लावलेली. हारतुरे झाले, त्यो पुढारी आपल्या गाडीत बसून म्होरं निघाला, मागं समद्या गाड्या निघाल्या, आण्णा टेसात येऊन बसले, आन् गाडी सेल्फ मारतीया नुस्ती, उठंना. मागच्या गाड्या हॉर्न वाजवाया लागल्या. त्यात आण्णाच्या इरोधातले वाळूवाले, ते हसाया लागले, म्हनले आण्णा, आता मेंढरं जुपा गाडीला. ते मेंढरं म्हनले कावून कुनास ठावूक, पर म्हनले. आण्णा खाली उतरला, बन्सीला कॉलर धरून भायेर ओढला आन् दोन थोबाडीत दिल्या. टोपी पडली. ती पायानं गटारीत ढकलली. मंग म्हनला ढकल. एकट्यानं ढकल. आन् बन्सीनं भर दुपारी ती गाडी चौकापासून नाक्यापातूर एकट्यानं ढकलली, शेकडो मानूस बगत व्हतं.

हे मला कुनी सांगितलं? त्यानंच. दुसऱ्या दिशी आमच्या घरी आला, डोक्याला टोपी न्हाई, कौसानं पानी दिलं, पीत पीत समदं सांगितलं, रागानं न्हाई, शांतपनी, जसं दुसऱ्याचं सांगावं. म्हनला, आण्णा म्हनले गाडी कुनी बिघडवली, तर म्या म्हनलं, मालक, गाडीत खोट न्हाई, माझ्या दाजीचा हात लागलाय गाडीला, माझंच काय तरी चुकत असंल. असं म्हनला त्यो. तिथं, थोबाडीत खाल्ल्यावर. आन् मंग मला इचारलं, दाजी, खरं सांगा, माझं काय चुकतंय?

कौसा तिथंच व्हती. पोरगी मांडीवर व्हती. आन् मी म्हनलो, तुमी पायडल लई मारता.

लिवलं का? लिवा.

त्याला काढून टाकला. नुस्तं काढलं असतं तर दुसरीकडं लागला असता, पर आण्णानं गावोगाव सांगितलं की बन्सी पिऊन चालवायचा, इंजन जाळलं त्यानं. ज्यानं जलमात वास घेतला न्हाई त्याला दारुडा केलं. तालुक्यात एका बी मानसानं त्याच्या हाती स्टेरिंग दिलं न्हाई, साधा ट्रॅक्टर बी न्हाई. बाजारात पोती उचलाया लागला. हमाली केली वीस-बावीस साल, कंबर गेली तवा पोत्यांची तोंडं शिवाया बसला, अजून बसतो, दाभन सुतळी घेऊन. आन् ती गाडी? आण्णानं डिझेलची जीप आणली, पांढरी गाडी शेडात ढकलून दिली. आण्णाचं कायबी वाकडं झालं न्हाई. इलेक्शन बी जिकला.

पाच-सहा सालानं मी कौसाला सांगितलं. बापाचं श्राद्ध व्हतं, बन्सी जेवून गेलता, जाताना म्हनला दाजींनी बापाचं लई केलं. ते ऐकून माझ्याच्यानं ऱ्हावलं न्हाई. ती परात घासत व्हती. सांगितलं समदं. ती घासतच ऱ्हायली, लई येळ. मंग म्हनली, सांगू नका त्याला. कळलं तर माझं माहेर तुटंल. आई-बाप न्हाईत, त्यो एकच हाय. मरताना बी सांगू नका. म्या म्हनलं बरं. मला बी तेच पायजे व्हतं, कुनी तरी सांगू नको म्हनावं. त्याच्यानंतर तिनं भावाचं इतकं केलं, इतकं केलं, हुरडा असू द्या, पुरनाची पोळी असू द्या, पयला डबा बन्सीला. त्याला वाटायचं भनीची माया. माया व्हतीच. पर त्या मायेत काय मिसळलंय ते आमी दोघंच वळखत व्हतो, आन् त्यावरनं एकमेकाकडं बगत बी न्हवतो.

दोन सालामागं आण्णा म्हातारा हून मेला. चांगला मेला, पलंगावर, पोरं नातवंडं भवती. त्याचा धाकटा, रणधीर, त्याला आता पुढारी व्हायाचंय. त्यानं ती गाडी शेडातनं काढून पुण्याला धाडली, रंग मारला, गाद्या नव्या, इंजनाचं काम केलं, आरशात तोंड दिसावं अशी करून आणली. बापाच्या वर्षश्राद्धाला मिरवणूक काढायची, बानेटवर आण्णाचा फोटू, गावोगाव थांबत बीडला जायाचं. तालीम म्हनून एक दिस फिरवली तर पयल्याच गावात गाडी गरम झाली, थांबली, आन् बसली. पुण्यावाल्यांनी इंजन खोललं पर कारबेटर जसा बसलेला व्हता तसाच बसवला, त्यांना काय म्हाईत हितं काय असाया पायजे. बीडचे मिस्तरी झाले, बॅटरी बदलली, कॉइल बदलली, सेल्फ बदलला. कुनी म्हनलं करंटवरचा पंप बसवा. शेवटाला कुनी तरी सांगितलं, वडवणीला एक म्हातारा हाय कारबेटरवाला.

दोन पोरं आली, दादांनी बोलावलंय म्हनली. म्या म्हनलं, दादाला म्हनावं गरज तुला हाय, तू ये. तर त्यो खरंच आला, डोळ्याला काळा चष्मा. काका म्हनला मला. म्हनला, काका, ह्या गाडीत जुनीच खोट हाय, आण्णांच्या टायमाला एक दारुडा डायव्हर व्हता, त्यानं वाट लावली हिची, आण्णा सांगायचे. आन् हसला. हसन्यासारखंच सांगितलं त्यानं, त्याच्या घरात ती गंमत हाय. दुकानाच्या मागं आमचं घर, मधी नुस्ता पडदा. कौसा तांदूळ निवडत व्हती, ती भायेर आली. रणधीरकडं बगितलं न्हाई तिनं, माझ्याकडं बगितलं. मी म्हनलो, उद्या बारा वाजता गाडी घेऊन या. गरम करून आना, बीडच्या रस्त्याला पळवून आना.

दुसऱ्या दिशी आले, गाडी, मागं दोन जीपा, पंधरा-वीस मानसं, निम्म्यांच्या हातात मोबाईल, म्हातारा काय करतो ते शुटिंग करायला. मला खोट म्हाईत व्हती, एका मिनटात सांगता आली असती, पर उस्तादानं जसं शिकवलं तसंच केलं. गाडी उन्हात बंद करून दहा मिनटं थांबलो. सेल्फ मारायला लावला, उठंना. आदी करंट बगितला, पलग काढून बॉडीला टेकवला, ठिणगी निळी, चोख. म्हंजे करंटाची खोट न्हाई. मंग कारबेटरवरचं हवेचं डबडं काढलं आन् रणधीरला म्हनलं, ये, चष्मा काढ, आत बग. त्यानं बगितलं. आत पेट्रोल टपकत व्हतं, थेंब थेंब, वाफ निघत व्हती. म्हनलं, उकळतंय. हितं बुडाला जाड पॅकिंग पायजे ते न्हाई, म्हनून उकळतंय. त्यो म्हनला, कुटं गेलं पॅकिंग? डायव्हरनं काढलं का?

म्हनलं, डायव्हर दारुडा नव्हता. पॅकिंग म्या काढलं. ह्या हातानं.

कावून, म्हनला.

तुझ्या बापानं माझ्या बापाला तुमच्या अंगनात अनवानी उभा केलता म्हनून.

रणधीरच्या एका मानसानं माझी गचांडी धरली, म्हनला, ए म्हाताऱ्या, कुनाचं नाव घेतो बे. रणधीर म्हनला सोड त्याला. दयेनं न्हाई म्हनला, मोबाईल चालू व्हते म्हनून. मंग माझ्या कानापाशी येऊन म्हनला, गाडी नीट कर आन् तोंड बंद ठेव. म्या मोठ्यानं म्हनलं, गाडी नीट करतो, तोंडाचं सांगत न्हाई. आन् तू ह्या मानसांम्होरं एकदा म्हन की बन्सी डायव्हर दारुडा नव्हता. त्यो चष्मा लावून झाडाखाली जाऊन बसला. तसं म्हनला न्हाई. अजून म्हनलेला न्हाई.

मी फायबरच्या पत्र्यातनं नवं पॅकिंग कापलं, कानसीनं घासलं, भोकं पाडली, बसवलं, रॉडचा आटा उलटा फिरवला. गाडी स्टँडपातूर नेऊन आनली, उन्हात बंद करून दहा मिनटं ठिवली. आन् सेल्फ मारायला लावला. अर्ध्यात उठली. टाळ्या वाजवल्या काहींनी, भाडखाऊ, टाळ्या कशाच्या. गाडी गेली. मी हात सुदिक धुतले न्हाईत, तसाच सायकल घेऊन बन्सीच्या घरी गेलो. म्हनलं मोबाईलवरनं कळायच्या आदी आपल्या तोंडानं कळावं.

त्यो ओट्यावर बसलेला, दाभनात सुतळी ओवत. या दाजी म्हनला, आत जाऊन तांब्या भरून आनला, म्होरं ठिवला. मी तांब्याला हात लावला न्हाई. उभ्यानंच सांगितलं. त्यानं मधी टोकलं न्हाई. संपल्यावर इचारलं, केवढं असतंय ते पॅकिंग? म्या बोट दाखवलं, एवढं. त्यानं माझ्या बोटाकडं बगितलं. म्हनला, गेवराईच्या आदी दोनदा गाडी आनलती म्या तुमच्याकडं. म्हनलं, हो. दोन्ही टायमाला तुमाला ठावं व्हतं? हो. आन् मी इचारलं तर म्हनलात, पायडल लई मारता. हो म्हनलं. मंग दाभन खाली ठिवलं, आन् म्हनला, कौसाला ठावं हाय का?

हितं मला खोटं बोलता आलं असतं. चाळीस साल खोटं बोललेला मानूस मी, अजून एक शबूद जड नव्हता. पर निघालं तोंडातनं, हाय. कवापासनं? लई साल झाले.

त्यो उठला. तांब्या उचलला, माझ्यासाठी आनलेलं पानी माझ्या म्होरं जमिनीवर ओतलं, सावकाश, समदं. शिवी दिली न्हाई. जलमात कवा दाजीबिगर हाक मारली न्हाई ज्या मानसानं, त्यो म्हनला, शेषेराव, माझ्या दारात पुना येऊ नका. तिला बी सांगा.

घरी आलो. कौसा दारातच उभी. सांगितलं का म्हनली. हो. माझं बी सांगितलं? म्या सायकल भितीला टेकवली. मंग ती म्हनली, आन् ते मी मरंपातूर इसरनार न्हाई, म्हनली, मन तुमचं हलकं झालं, माहेर माझं गेलं. बस. ती खरं बोलली. मला कुनी इचारलं तर मी सांगंन, ती खरं बोलली, मी तिच्यावर एक दिस बी उलटून बोललो न्हाई.

ती दोनदा गेली भावाच्या दाराला. दार उघडं व्हतं, त्यो आतच बसलेला, बोलला न्हाई. दुसऱ्या येळी उंबऱ्यावर डबा ठिवून आली. संध्याकाळी डबा परत आला, शेजारच्या बाईच्या हातानं, धुवून, झाकन लावून, आत जेवन तसंच. दिवाळीला भाऊबीजंला तिनं सकाळपासनं ताट तयार करून ठिवलं. मी दुकानात बसून व्हतो, आत जायाचं धाडस न्हाई. दिवे लागायच्या टायमाला तिनंच ताट उचलून ठिवलं.

तुमी म्हनाल, त्याचं नाव तर धुवून निघालं. निघालं ना. मोबाईलवर त्यो माझा इडिओ समद्या तालुक्यात फिरला. लोक बाजारात बन्सीपाशी जाऊन म्हनतात, तात्या, तुमी निर्दोष निघालात. एक ट्रॅक्टरवाला म्हनला, तात्या, या आमच्याकडं डायव्हर म्हनून. तर बन्सी म्हनला, आता मोतीबिंदू हाय बाबा, सुईत दोरा जाईना. लोकांना बोलायला काय जातंय. तवा ह्याच लोकांच्या बापांनी त्याला दारुडा म्हनलेलं.

मागल्या बाजारला रणधीर ती गाडी घेऊन बाजारातनं आला. मुद्दाम बन्सी बसतो त्या बाजूला थांबवली, गाडी बंद केली, हारबीर घालून घेतले, ऊन म्हनजे कसलं, फरशीवर भाकरी भाजावी. मी समोरच्या टपरीवर उभा. मंग त्यानं सेल्फ मारला आन् गाडी उठली, एका झटक्यात. बन्सीनं मान वर केली न्हाई, पर दाभन थांबलं. इंजनाचा आवाज ऐकत व्हता त्यो, मला कळलं, डायव्हरच्या कानानं ऐकत व्हता, गाडी लांब जाईपातूर. मंग त्याला मी दिसलो. माझ्याकडं असं बगितलं जसं रिकाम्या पोत्याकडं बगावं, आन् पुना शिवाया लागला.

आता मी दुकान निम्मं बंदच ठिवतो. पेट्रोल कारबेटरच्या गाड्या ऱ्हायल्या किती, आन् ज्यांच्या हायेत ते मला भेत असतील, म्हातारा काय काढून ठिवंल. भेऊ द्या. पस्तावा हाय का इचारू नका. तुमच्या डोळ्यात दिसतंय तुमाला ते इचारायचंय. आण्णाच्या गाडीचा पस्तावा न्हाई मला, त्याच्या चार गाड्या असत्या तर चारी काढल्या असत्या. बन्सीचं तेवढं इचारू नका.

झालं लिवून? दाखवू नका मला, मला वाचायचं न्हाई. फकस्त बन्सीचं नाव लिवा, आडनावासकट लिवलं तरी चालंल, त्याला कशाची लाज न्हाई. आतनं वाजलं ते ऐकलं का, कौसानं चहा टाकलाय. तुमाला आनून देईल, पावन्याला ती कवा उपाशी धाडत न्हाई. मला देनार न्हाई, माझा मी करून घेतो. तुमी बसा, प्या, तिच्या हातचा चहा चांगला असतोय. आन् जाताना तिच्यासंगं दोन शबूद बोला, लई दिस झाले घरात कुनाचा आवाज न्हाई. ऊन उतरल्यावर निघा. खुशाल ऱ्हावा.